चाळीस लिटर नकोत

दिवाळी झाली की ओळखीतल्या बायका विचारू लागतात, ‘कोकणात सायकलने जायचंय, बॅग कुठली घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: दुकानात दाखवतील त्याच्या निम्म्या आकाराची. बहुतेकींना ते पटत नाही.

२०१५च्या डिसेंबरात मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण दापोलीहून गणपतीपुळ्याला निघालो. दोघींच्या कॅरिअरला पॅनिअरची जोडी, म्हणजे दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या. जोडी ४० लिटरची. जागा होती म्हणून भरत गेलो: तंबू, स्टोव्ह, जीन्स, जाड टॉवेल, चिवड्याचा डबा. प्रत्येकीकडे १८ किलो. दाभोळपर्यंत बराचसा उतार, त्यामुळे काही कळलं नाही. फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि जेटीवरून सड्याकडे जाणारा चढ लागला. अर्ध्यातच दोघी उतरून सायकली ढकलू लागलो.

हिशेब सोपा आहे. मी ५८ किलोची, सायकल १३ किलोची, मिळून ७१. सामानासकट ८९. घाटात पायांचा जोर तेवढाच राहिला तर वेळ वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तासाभराचा चढ सव्वा तासाचा होतो. सामान सहा किलो असतं तर पाचच मिनिटं वाढली असती.

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वरच्या अलीकडे तिच्या मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, तेही कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गिअरचक्रांच्या, बाजूचे. अंगाचा बराचसा भार मुळातच मागच्या चाकावर असतो. आम्ही सगळं सामानही त्याच्यावरच लादलं होतं. ते बदलायला कॅसेट काढावी लागते, आणि तो पाना गावातल्या दुकानात नव्हता. चाक इतकं आउट झालं की ब्रेकला घासू लागलं. ती टेम्पोने गुहागरला गेली आणि तिथून सायकल टपावर बांधून एसटीने घरी. त्यानंतर ती कधी दौऱ्याला आली नाही. ‘माझ्या वयाला हे झेपायचं नाही,’ असं ती म्हणते. तेव्हा ती ४६ वर्षांची होती. वयाचा त्यात काही संबंध नव्हता, हे मी तिला वेळीच सांगायला हवं होतं.

तंबू-स्टोव्ह घ्यायला सांगणाऱ्या सामानाच्या याद्या जिथे दिवसभर वस्ती लागत नाही अशा मुलखांसाठी ठीक आहेत. आपल्या किनाऱ्यावर थोड्या थोड्या अंतरावर गाव येतं, चहा मिळतो, सांगून ठेवलं तर घरगुती जेवण आणि खोलीही मिळते. मग लागतं ते इतकंच: सायकलवरचा एक जोड, संध्याकाळचा एक जोड, पंचा, औषधं, दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, पाने. कपडे सुती नकोत. खारट दमट हवेत रात्रभर टांगूनही सकाळी ओलेच असतात. पंचा मात्र वाळतो, आणि तो गळ्याभोवती, डोक्यावर, कुठेही चालतो.

हे सगळं २० ते २५ लिटरमध्ये बसतं. दुकानात पुढच्या चाकासाठी म्हणून लहान पॅनिअरची जोडी मिळते, तीच मी मागच्या कॅरिअरला लावते. हल्ली कॅरिअरशिवाय सीटखाली लावायच्या लांबट बॅगेचं फार कौतुक आहे. उंच माणसाला ती सोयीची. माझी उंची पाच फूट. लहान फ्रेमवर सीट आणि टायर यांच्यात जागा इतकी कमी उरते की भरलेली बॅग खड्ड्यात टायरला टेकते. दुकानात कोणी हे सांगत नाही, म्हणून बायकांनी आपली सायकल घेऊन जावं, बॅग भरून लावून बघावी. टाच मागे आली की पिशवीला लागते का, तेही तिथेच पाहावं. पाठीवरची सॅक तर नकोच. घामाने पाठ सोलवटते आणि भार वर गेल्याने तोल बिघडतो.

महागडी बॅगच हवी असंही नाही. माझी जोडी आमच्याकडच्या ताडपत्री शिवणाऱ्या काकांनी शिवून दिली. तोंड तीनदा गुंडाळून बकल लावायचं. आत जाड प्लास्टिकची पिशवी. वर काही बांधायचं तर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरते. हुकांची रबरी दोरी सुटून चाकात गेली तर सायकलस्वार जागच्या जागी आपटतो.

आता माझं सामान सहा किलोचं आहे. फेरीबोटीत चढताना, खोलीच्या पायऱ्यांवर, सायकल मी एकटी उचलते. गेल्या महिन्यात काकांकडून अशीच आणखी एक जोडी शिवून घेतली आणि मैत्रिणीच्या घरी नेऊन दिली. तिने ती कपाटावर ठेवली आहे. जानेवारीत दापोलीहून निघायचं मी ठरवलंय; ती अजून हो म्हणालेली नाही.