फाटकाबाहेरचे आईबाप

२७ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात अनन्सिएशन या कॅथलिक शाळेची मुले शालेय वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातील मिस्सेला बसली होती. एका बंदूकधाऱ्याने देवळाच्या खिडक्यांतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आठ आणि दहा वर्षांची दोन बालके बसल्या बाकावरच गतप्राण झाली, कितीतरी जखमी झाली. मिस्सा सुरू झाली की दरवाजे आतून लावून घेण्याची तेथे पद्धत होती. त्यामुळे अधिक बळी टळले असावेत, असे नंतर सांगण्यात आले. दरवाजे बंद होते, गोळ्या खिडकीवाटे आल्या.

आमच्या समाजातील कितीतरी कुटुंबांची मुले-नातवंडे आज परदेशी शाळांतून शिकत आहेत. ती वार्ता आली त्या आठवड्यात देवळाच्या आवारात आजी-आजोबा आम्हांला गाठून विचारीत होते, ''फादर, तिकडच्या पोरांचं काय?'' तिकडच्या पोरांविषयीची ती भीती पाहता पाहता इकडच्या पालकसभांतूनही बोलू लागली. कॅमेरे वाढवा, भिंत उंच करा, फाटकावर दोन रखवालदार ठेवा, पालकांनाही ओळखपत्राशिवाय आत सोडू नका. या शेवटच्या सूचनेला पालकांनीच टाळ्या वाजवल्या, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. त्या भीतीची थट्टा आम्हांला करावयाची नाही. ज्याने सकाळी सात वाजता मुलाच्या पाठीवर दप्तर चढवले आहे, त्यालाच ती ठाऊक. परंतु ज्या उपायाला त्या टाळ्या पडल्या, तो उपाय चुकीचा आहे, असे आम्हांला स्पष्टपणे वाटते, आणि ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२४ मे २०२२ रोजी टेक्सास राज्यातील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तेथे पोलिसांची वाण नव्हती. वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ सशस्त्र अधिकारी गोळा झाले होते, आणि तरीही हल्लेखोराला वर्गात गाठण्यास ७७ मिनिटे लागली. त्या काळात आईबाप शाळेबाहेर टाहो फोडीत होते, आत जाऊ द्या म्हणून हातापाया पडत होते. त्यांना अडवून धरण्यात आले, एका आईला तर बेड्या घालण्यात आल्या. भिंत होती, फाटक होते, बंदोबस्त होता. त्या बंदोबस्ताचा सारा जोर मात्र आईबापांना बाहेर ठेवण्यावर खर्च झाला.

आता बदलापूरकडे पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतीलच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले. शाळेत कॅमेरे होते. पंधरा दिवसांचे चित्रीकरण मात्र नाही, असे खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. मुलींचे पालक तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मगच यंत्रणा धावू लागली. दुसऱ्याच दिवशी शासनाने आदेश काढला: शाळांनी कॅमेरे बसवावेत! ज्या वस्तूने दगा दिला तीच अधिक संख्येने मागवावी, असा हा प्रकार. मुलींचे बोलणे प्रथम कोणी ऐकले, खरे कोणी मानले? घरच्या माणसांनी. त्यांच्यासाठी शाळेत कोणते दार उघडे होते, याविषयी आम्हांला कोठे फारसे वाचावयास मिळाले नाही.

शहरातील पालक निदान फाटकापर्यंत तरी पोहोचतो. जेथे तेवढेही शक्य नाही, अशा ठिकाणी या प्रश्नाचे खरे रूप दिसते, म्हणून वाचकांना आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतील काठी या गावी घेऊन जातो. काठी हे जुने भिल्ल संस्थान. तेथील राजवाडी होळी सर्वदूर प्रसिद्ध आहे. उंच बांबू हाताने खोदलेल्या खड्ड्यात उभा करतात, रात्रभर ढोल आणि घुंगरू वाजत राहतात, आणि पहाटे होळी पेटते. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसे या सणाला हटकून परततात. तेथे बंदुकीची भीती कोणाला नाही. मूल शाळेतून जिवंत परत येईल ना, ही भीती मात्र आहे, आणि तिला कारणेही आहेत.

या मुलांची शाळा म्हणजे बहुधा आश्रमशाळा. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून अशा शाळा हजारावर आहेत. सहा-सात वर्षांचे मूल तेथे जाते ते शिकण्यासाठी आणि तितकेच जेवण्यासाठी. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंके यांच्या समितीने या शाळांतील मृत्यूंचा आढावा घेतला, तेव्हा आधीच्या पंधरा वर्षांत हजाराहून अधिक मुले दगावल्याचे समोर आले. ताप, सर्पदंश, बुडणे, किरकोळ म्हणून अंगावर काढलेले आजार. कित्येक प्रकरणांत तर मृत्यूचे कारणही धड नोंदलेले नव्हते. मिनियापोलिसच्या त्या दोन बालकांसाठी जगभर मेणबत्त्या लागल्या, त्या लागायलाच हव्या होत्या. या हजारांसाठी आमच्या किती धर्मग्रामांत एक मिस्सा झाली?

काठी-मोलगीच्या मुलांना घरून शाळेत जाणे हेसुद्धा एक दिव्यच. ९ नोव्हेंबर २०२५ रोजी दिवाळीची सुटी संपवून आश्रमशाळेकडे निघालेल्या मुलांची बस अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरील देवगोई घाटात दरीत कोसळली. मुले दगावली, कितीतरी जायबंदी झाली. त्याच आठवड्यात आमच्या वसई तालुक्यात, उशिरा आल्याबद्दल उठाबशांची शिक्षा झालेली सहावीतील एक मुलगी आजारी पडून मरण पावली. तो दिवस १४ नोव्हेंबर, बालदिन. डोंगर आणि किनारा यांत एवढे अंतर, पण दोन्हीकडे मूल गमावले ते शाळेच्या स्वाधीन केल्यानंतर.

''आदिवासी पालकांना पोरांची फिकीर नसते. शाळेत टाकले की मोकळे होतात,'' हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि खेदाने सांगावे लागते, मिशनकार्यातील माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. काठीच्या होळीला गेलो असता एका बापाला आम्ही सरळच विचारले, ''दादा, पोरीला भेटायला जाता की नाही?'' तो म्हणाला, ''जातो ना, बाबा. जीपभाडं जातं, दिवसाची मजुरी जाते. फाटकावर म्हणतात रविवारी या. रविवारी मी उसात असतो.'' त्याची बायको एकदा एकटीच गेली होती. तिला भिलीच येते, अधीक्षकांना मराठीच. पोरीला ताप होता, हे तिला पोरीच्या अंगाला हात लावल्यावर कळले. हे सांगताना त्या गृहस्थाच्या आवाजात राग नव्हता; राग करण्याची आपली जागा नाही, असे त्याला कोणीतरी फार पूर्वीच शिकवले होते. फिकीर नसलेली माणसे अशी असतात काय?

बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेत मुलींवर झालेला अत्याचार २०१६ साली उजेडात आला तो कसा? तपासणी अधिकाऱ्याने शोधला नाही, कॅमेऱ्याने टिपला नाही. दिवाळीच्या सुटीत घरी गेलेल्या मुलीने आपल्या माणसांना सांगितले. दिवाळी आणखी दोन महिने लांब असती तर? मूल आपले दुःख प्रथम आईच्या मांडीवर सांगते. म्हणून आई आणि मूल यांच्यातील अंतर जेवढे वाढवाल तेवढे गुन्हेगाराला अभय मिळते. घाटाखाली पाठवलेली मुले, 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळांच्या योजनेखाली दूर दूरच्या शहरांत पाठवलेली मुले, यांच्या बाबतीत हे अंतर शेकडो किलोमीटरचे होते. कागदावर ती मुले प्रगत होतात. रात्री पोटात दुखले तर कोणाला हाक मारावी, हे त्या कागदावर नसते.

कायद्याला हे कळलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरवले, शारीरिक शिक्षेला बंदी केली. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तर अत्याचाराची खबर न देणाऱ्या संस्थाप्रमुखालाही शिक्षा ठेवली. आणि आमच्या संस्था? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही असा निर्णय दिला, तेव्हा आमच्या वर्तुळांतून समाधानाचा सुस्कारा निघाला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाच्या फेरविचारासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले, तर आता चिंतेचे सूर निघत आहेत. घटनेने दिलेला अल्पसंख्याकांचा हक्क आम्हांलाही प्रिय आहे. परंतु तो हक्क आपल्या मुलांना आपली श्रद्धा आणि संस्कृती देण्यासाठी आहे. आईबापांना समितीच्या खोलीबाहेर बसवण्यासाठी तो मागितला नव्हता. कायदा लागू नसेल तर पालकांची समिती आपण होऊन नेमण्यास आम्हांला कोणी मनाई केली आहे? संस्थेचे नाव जाईल म्हणून प्रकरण 'आतल्या आत' मिटवण्याची सवय जगभरच्या ख्रिस्तसभेला केवढी महागात पडली, हे बॉस्टनपासून आयर्लंडपर्यंतच्या चौकशांनी दाखवले आहे. नाव तर गेलेच, आणि मुलेही गेली.

पालक आत आले की राजकारण आत येते, शिक्षकावर हात उगारतात, गुणांसाठी भांडतात, असे मुख्याध्यापक सांगतात. ते खोटे नाही. असे पालक आम्हीही पाहिले आहेत, आणि त्यांच्यापायी चांगले शिक्षक शाळा सोडून गेलेलेही. पण आरडाओरडा करणारा पालक भिंतीला भीत नाही, तो नगरसेवकाला घेऊन येतो. भिंत अडवते ती काठीच्या त्या बाईला. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १३ मार्च १९९६ रोजी १६ बालके आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. तेथील आईबाप आणि त्यांचे शेजारीपाजारी फाटकाबाहेर रडत थांबले नाहीत. सह्यांचे निवेदन घेऊन पार्लमेंटपर्यंत गेले आणि १९९७ साली ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर बंदी आली. पालकांचा हस्तक्षेप म्हणतात तो हा.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमात हरवला तेव्हा मरिया आणि योसेफ तीन दिवस शोधत फिरले आणि शेवटी थेट मंदिरात, शास्त्र्यांच्या बैठकीत जाऊन उभे राहिले. मरियेने सर्वांदेखत मुलाला जाब विचारला. तिला कोणी भेटीचा वार विचारला नाही. आमच्या वसतिगृहांतून ती आज आली असती तर फाटकावरच्या वहीत नाव लिहून रविवारपर्यंत परतली असती!

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. वसतिगृहात मुलांची बोली बोलणारी एक तरी बाई असावी. आईबाप येतील तो भेटीचा दिवस मानावा. दूरच्या पालकाला वर्षातून दोनदा येण्याजाण्याचे भाडे संस्थेने द्यावे; एका कॅमेऱ्याच्या किमतीत कितीजणांचे भाडे निघेल, याचा हिशोब कोषाध्यक्षांनी करावा. मूल आजारी पडले तर त्याच दिवशी घरी निरोप जावा, आणि दुर्दैवाने दगावले तर वैद्यकीय अहवालाची प्रत आईबापांच्या हाती, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवून द्यावी.

आणखी एक. एका वसतिगृहाचा प्रवेश-अर्ज आमच्या पाहण्यात आला. त्याच्या तळाशी हमीपत्र छापले होते: पाल्याच्या आजारास, अपघातास अथवा अन्य कोणत्याही घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही. खाली पालकाच्या सहीची जागा, आणि बहुतेक अर्जांवर निळा अंगठा. तो अंगठा उठवणाऱ्याला वरची ओळ कोणी वाचून दाखवली होती का, असे आम्ही विचारले. कारकून हसला. जूनच्या प्रवेशांचे अर्ज लवकरच छपाईला जातील. ज्या ज्या संस्थेच्या व्यवस्थापक मंडळावर धर्मगुरू किंवा धर्मभगिनी बसतात, तेथे ती ओळ खोडण्याचे काम एका बैठकीचे आहे.