वेचणाऱ्या हातांचे देणे

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजेच प्राचीन तगर, येथील शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय पाहून परतणारे अभ्यासक तेथील सातवाहनकालीन मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या आणि पाँपेईच्या हस्तिदंती प्रतिमेशी नाते सांगणारी स्त्रीमूर्ती यांविषयी भरभरून लिहितात. परंतु ज्यांच्या संग्रहावर ते संग्रहालय उभे राहिले, ते कै. रामलिंगप्पा लामतुरे पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हते, तेरचेच एक रहिवासी होते, ही गोष्ट बहुधा तळटीपेतच राहून जाते.

तेरला 1958 साली उत्खनन झाले आणि त्याचा चापेकरांनी लिहिलेला अहवाल 1969 साली प्रसिद्ध झाला. थरांचा कालानुक्रम उत्खननानेच कळतो, हे निर्विवाद आहे. तथापि उत्खननाचे खड्डे मोजके असतात, आणि पांढरीच्या टेकाडांवरून बारमाही वावरणाऱ्या, पहिल्या पावसाने धुऊन उघडे पडलेले मणी व खापरे टिपणाऱ्या गावकऱ्याच्या नजरेची जागा कोणतीही मोहीम घेऊ शकत नाही. उलटपक्षी, वस्तू कोणत्या गटात, किती खोलीवर व कशाच्या सान्निध्यात सापडली याची नोंद नसेल, तर तिची निम्मी साक्ष नष्ट होते. ही नोंद कशी ठेवावी हे वेचणाऱ्यास शिकविणे संशोधकाचे कर्तव्य होय, आणि ते न बजावता त्याच्या अज्ञानास बोल लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

याहून बिकट अडचण भीतीची आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 अन्वये सापडलेल्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. शेतकऱ्याच्या मनात मात्र त्यासरशी जबाब, पंचनामा आणि जमीन जाण्याची धास्ती उभी राहते, व नाणे मुकाट्याने सोनाराच्या मुशीत जाते. म्हणून कायदा काय म्हणतो हे संशोधकाने पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगावे, आणि वेळ आल्यास त्याच्यासोबत कचेरीची पायरी स्वतः चढावी. छायाचित्रे घेऊन नाहीसा होणाऱ्या विद्वानावर गाव दुसऱ्यांदा विश्वास टाकीत नाही, आणि तो टाकावा तरी का?

यापुढे पृष्ठभागावरील वस्तूंवर आधारलेला लेख आमच्याकडे पाठविताना त्या ज्याला सापडल्या त्याचे नाव त्याच्या संमतीने लेखाच्या आरंभीच नमूद करावे, आणि निष्कर्षांचा मराठी गोषवारा त्याच्या हाती व ग्रामपंचायतीच्या दप्तरी पोहोचविल्याचे कळवावे, अशी आमच्या लेखकांस आग्रहाची विनंती आहे.