शिक्षकाने शिकायचे कधी?

सातपाटीसारख्या मच्छीमार गावात पंधरा-वीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाजवळ जे ज्ञान साठते, ते पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. घरी मांगेली बोलणारे मूल प्रमाण मराठीपुढे का अडखळते, वयात येणारा मुलगा शाळा सोडून बोटीवर का जातो, हे तो रोज पाहत असतो. या अनुभवाला अभ्यासाची शिस्त लाभली, तर शिक्षणशास्त्रात मोलाची भर पडेल. परंतु असा शिक्षक पदव्युत्तर शिक्षणाकडे वळू लागला, की त्याला काय आढळते?

एम.एड. हा पूर्वी एका वर्षाचा अभ्यासक्रम होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी तो दोन वर्षांचा झाला. हेतू गैर नव्हता. परंतु नियमित हजेरीचा हा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पुरा करणे दुरापास्त आहे. अध्ययन रजा नियमांत आहे, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही. आणि लहान शाळेतून एक शिक्षक गेला, तर त्याचे वर्ग घ्यायचे कोणी? इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे शिक्षणशास्त्रातील एम.ए. घरी राहून करता येते. ही सोय मोलाची खरी. पण मार्गदर्शक आणि सहाध्यायी यांची उणीव टपालाने आलेली पुस्तके भरून काढत नाहीत.

याच जिल्ह्यात, प्रथम बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला, ताराबाई मोडकांसमवेत आदिवासी मुलांसाठी झटणाऱ्या अनुताई वाघ १९६१ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, पदवीधर झाल्या. ती जिद्द वंदनीय आहे. परंतु एका व्यक्तीच्या जिद्दीला धोरण म्हणता येत नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील प्राथमिक शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. परीक्षा सक्तीची, अभ्यास मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीवर, असा हा न्याय आहे. शिक्षकाची गुणवत्ता ही समाजाची गरज असेल, तर तिचा खर्चही समाजाने उचलला पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: दरवर्षी ठराविक शिक्षकांना सवेतन अध्ययन रजा, त्यांच्या जागी बदली शिक्षक, आणि पालघरला सुटीच्या काळात चालणारे पदव्युत्तर अभ्यासकेंद्र. कार्यकर्त्यांनी शिक्षक संघटनांना बरोबर घेऊन ही मागणी जिल्हा परिषदेच्या दारी न्यावी. शिक्षकाचे शिकणे थांबले, तर त्याची किंमत कोळ्याचे आणि वारल्याचे मूल मोजते.