जुन्या पिकअपवर खोली बांधताय, तर थोडं थांबा



माझ्या जुन्या डिझेल पिकअपच्या हौद्यावर मी झोपायची खोली केली, तिचे फोटो इथं टाकले होते. तेव्हापासून माप विचारणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. माप सांगायला माझी काही हरकत नाही. पण काहींचं बोलणं ऐकून पोटात गोळा आला. एक जण म्हणतो, आषाढीला चौदा माणसं घेऊन पंढरपूरला जायचंय. दुसरा म्हणतो, मधी फळ्या टाकून दुमजली करतो, खाली बाया, वर गडी. म्हणून माझं मत सरळ लिहितो. ही खोली गाडी उभी असताना वापरायची. चालत्या गाडीत तिच्यात एक माणूस बसवायचा नाही. आणि गाडीला वेल्डिंग मारून ती कायमची करायची नाही.

आधी हे सांगतो, की अशी खोली म्हणजे शहरातल्या लोकांची चैन नव्हे. ती आपल्याला जास्त लागते. कांदा घेऊन लासूर स्टेशनला नाहीतर लासलगावला गेलं आणि नंबर लागला नाही, तर रात्र कुठं काढायची? एका बाजार समितीत शेतकरी निवासाची पाटी पाहिली, खाली कुलूप. मग ड्रायव्हर सीटवर पाय दुमडून झोपायचं आणि सकाळी मान धरलेली. दुसरं, लाईट. रात्रपाळीचा आठवडा असला की मक्याला, अद्रकला पाणी द्यायला रात्री शेतात थांबावं लागतं. गौताळ्याच्या डोंगराकडून इकडं बिबट्या येतो, हे कन्नड-खुलताबादच्या माणसाला सांगायची गरज नाही. उघड्या खाटेवर झोपायचं दिवस गेले. आणि तिसरी वारी. पैठणहून नाथांची पालखी निघते, तिच्या मागंपुढं दिंड्यांचे ट्रक आणि टेम्पो असतात. तंबू, शिधा, भांडी, सगळं त्यात. रात्री त्याच ट्रकच्या आडोशाला माणूस झोपतो. हीच आपली जुनी कॅम्पर. फक्त आपण तिला कॅम्पर म्हणलं नाही. (महिंद्रानं बोलेरो कॅम्पर नावाची गाडी काढली, पण तिच्यात झोपायची काही सोय नाही. पुढं-मागं दोन सीट आणि छोटा हौदा.)

२०२० च्या डिसेंबरात किसान सभेचा जथा नाशिकहून दिल्लीकडं निघाला होता. २१ तारखेला निघाले, टेम्पो, पिकअप, जीपा घेऊन, आणि राजस्थान-हरियाणाच्या शहाजहानपूर सीमेवर जाऊन बसले. तिकडं पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी ट्रॉल्यांचीच घरं केली होती. वर ताडपत्री, खाली पेंढा, त्यावर गाद्या. वर्षभर लोक त्यात राहिले. ट्रॉलीत राहता येतं हे सगळ्या देशानं पाहिलं. पण एक लक्षात घ्या, ती घरं उभ्या ट्रॉलीची होती.

आता वजनाचा हिशोब. इथंच सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आरसी बुक काढा. त्यात गाडीचं रिकामं वजन आणि भरून किती चालेल ते एकूण वजन, असे दोन आकडे असतात. वजाबाकी केली की तुमची मर्यादा कळते. मग सुताराकडं जा. अठरा मिलीचं आठ बाय चारचं एक प्लायवूड साधारण ३५ किलो भरतं. चारी बाजू आणि छत धरून अशी सात पानं लागली तर अडीच क्विंटल तिथंच झालं. त्यात जाड अँगलचा सांगाडा घेतला तर वर सव्वाशे किलो. खाट, गाद्या, शंभर लिटरची पाण्याची टाकी. बघता बघता पाच क्विंटल. कोणी म्हणेल, मी तर टनभर कांदा नेतो, पाच क्विंटलचं काय? भाऊ, कांदा हौद्यात खाली बसतो. हे वजन हौद्याच्या फाळक्याच्या वर उभं राहतं.

कडब्याची बैलगाडी आठवा. कडबा हलका असतो, पण गाडी उंच भरली की वळणावर, बांध ओलांडताना आपण दोरीला धरून बाजूनं चालायचो. का? उंच भार कलला की परत येत नाही. त्याच गाडीत गव्हाची पोती त्यापेक्षा दुप्पट वजनाची असली तरी ती गाडी सरळ चालायची. पिकअपचंही तेच. चाकाची रुंदी कमी, मागं कमानपाटे, जुन्या गाडीचे पाटे आधीच बसलेले. दौलताबादच्या घाटात नाहीतर कन्नडच्या औट्रम घाटात वळण घेताना वरचं वजन बाहेर ओढतं. समृद्धीवर गेलात तर बाजूचा वारा सपाट भिंतीवर बसतो आणि स्टिअरिंग हातात हलतं. ब्रेक तेच जुने.

माझा सांगाडा दीड इंची चौकोनी पाइपाचा, सोळा गेजचा आहे. तीस मीटर पाइप लागला, म्हणजे ५५ किलोच्या आसपास. छताला आणि पुढच्या बाजूला अर्ध्या मिलीचा जीआय पत्रा, तीन पानं, ३५ किलो. दोन्ही बाजूंना आणि मागं ताडपत्रीचे पडदे, गुंडाळून वर बांधता येतात. सगळं मिळून क्विंटलच्या आत. चार माणसं लावली की उचलून खाली ठेवता येतं. छतापासून चार बोटं वर शेडनेट ताणली आहे. मधून हवा जाते म्हणून पत्रा उन्हात तेवढा तापत नाही. आतून थर्माकोल लावलं नाही, कारण पावसाळ्यात पत्र्याला घाम येतो आणि ते मागून कुजकट वास मारतं. त्यापेक्षा जुनी गोधडी ताणली, ती वाळत घालता येते. आमच्या घरच्यांचं डोकं ते, माझं नाही.

उजेडाला फवारणी पंपाची बॅटरी. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची. पाच वॅटचा एलईडी तिच्यावर रात्रभर चालतो. वेगळा इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही. पाण्याला एक मोठी टाकी नको, वीस-वीस लिटरचे पाच ड्रम घ्या. अर्धी भरलेली मोठी टाकी वळणावर पाणी एका अंगाला फेकते आणि गाडीला हिसका बसतो. ड्रम मागच्या चाकाच्या जरा पुढं, केबिनच्या बाजूला ठेवायचे. फाळक्यापाशी ठेवले तर पुढचं चाक हलकं होतं.

सांगाडा बसवताना चेसिसला भोक पाडू नका, वेल्डिंग तर नकोच. चेसिसचा पोलाद तापला की तिथं कमजोर होतो, आणि जुन्या गाडीत आधीच गंज असतो. हौद्याला ज्या कड्या आहेत त्यांनाच चार जे-बोल्ट आणि वरून दोन रॅचेटचे पट्टे. पायाखाली जुन्या टायरचे तुकडे. दर पन्नास किलोमीटरला उतरून पट्टे बघायचे, सैल होतात.

काढता-घालता ठेवण्याचं दुसरं कारण कायद्याचं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजारांचा दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, पर्यावरण कर वेगळा. वेल्डिंगची खोली घेऊन फिटनेसला गेलात तर गाडी नापास. माझा सांगाडा त्या दिवशी गोठ्याशेजारी असतो आणि गाडी आरसी बुकात लिहिली आहे तशीच उभी राहते.

आता माणसांचं. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बाया कुंडेश्वराच्या दर्शनाला पिकअपमधून निघाल्या होत्या. चढावर गाडी मागं आली आणि खाली कोसळली. देवाला निघालेल्या किती घरच्या आया-बहिणी गेल्या. आपल्याकडं घृष्णेश्वराला श्रावणात आणि महाशिवरात्रीला हौदे भरून माणसं येतात, ते आपण दरवर्षी बघतो. बघून बघून त्याचं काही वाटेनासं झालंय.

त्यात बंद खोली केली की धोका वाढतो. उघड्या हौद्यातला माणूस निदान कठड्याला धरतो, ओरडला तर ड्रायव्हरला ऐकू जातं. बंद खोलीत धरायला काही नाही, पट्टा नाही. गाडी कलली की सगळे एका अंगाला जातात आणि त्यांचंच वजन गाडीला उलटी करतं. दुमजलीचं तर बोलूच नका. वर सात माणसं म्हणजे चार-साडेचार क्विंटल जिवंत वजन, तेही हलणारं.

विम्याचं कोणी विचारत नाही. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला असेल तर विमा लागू होतो. फुकट नाहीतर पैसे देऊन बसलेल्या बाकीच्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगितलंय. पुढं काही निकालांत कोर्टानं कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण मग ते गाडीमालकाकडून वसूल करायचे. म्हणजे भरपाई शेवटी मालकाच्या अंगावर. शेतकऱ्याच्या अंगावर म्हणजे जमिनीवर. चौदा माणसांना पुण्य मिळावं म्हणून निघायचं आणि चौदा घरांचं देणं घेऊन परत यायचं, याला भक्ती म्हणत नाहीत.

पोरं म्हणतात, "काका, वारीत सगळेच ट्रकवर बसतात." बसतात, खरंय. पण आता पर्याय आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट आहे. आषाढीला एका गावाचे चाळीसेक प्रवासी जमले तर महामंडळ गावातूनच थेट गाडी देतं. दोन-तीन वाड्यांनी मिळून आगारात अर्ज केला तर गाडी दारात येते. माणसं एसटीनं जाऊ द्या. पिकअप शिधा, भांडी, तंबू घेऊन मागून येऊ दे, केबिनमध्ये ड्रायव्हर आणि एक माणूस. मुक्कामाला दोघा-तिघा म्हाताऱ्यांना कोरडी जागा मिळाली तरी खोलीचं चीज झालं.

रात्रीचं एक सांगायचं राहिलं. थंडीत शेगडी आत घेऊ नका. कोळशाचा विषारी वायू ना दिसतो ना वास येतो, माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, जुन्या डिझेलचा धूर फळीच्या फटीतून आत येतो. गॅसची लहान टाकी बाहेरच, स्वयंपाकही बाहेरच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी असून त्याचा उपयोग होत नाही. म्हणून मी हौद्याच्या तळाशी दोन बाजूंना हाताएवढ्या फटी मोकळ्या ठेवल्या आहेत. त्यातून उंदीर येतो, येऊ दे, जाळी मारली आहे.

आता सरकारला एक विचारतो. २०२१ साली महाराष्ट्रानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं केलं. वेरूळच्या लेण्या बघायला कोणी फिरतं घर घेऊन आलं तर आमच्याच गावात चार पैसे येतील. पण ते पर्यटकासाठी आहे. कांद्याच्या नंबरासाठी दोन रात्री गाडीत काढणारा माणूस त्यात कुठंच नाही. त्याला लाखो रुपयांची गाडी नको. त्याला एवढंच पाहिजे की कमी वजनाच्या, काढता येणाऱ्या सांगाड्याचा एक नमुना परिवहन खात्यानं मंजूर करून द्यावा. उंची किती, वजन किती, पट्टे कुठं बांधायचे, चित्रासह एका पानावर. गावचा वेल्डर ते बघून करील. आज प्रत्येक जण आपल्या मनानं करतोय, कोणी प्लायवूड लावतो, कोणी फळ्या. नियम नुसता "करू नका" म्हणतो, कसं करायचं ते कोणी सांगत नाही. मग लोक चोरून करतात, आणि चोरून केलेलं काम कच्चं राहतं.

अर्ज मी लिहून ठेवला आहे. खुलताबाद, कन्नड, वैजापूर तालुक्यांतल्या पिकअपवाल्यांच्या सह्या पाहिजेत, गाडी नंबरासह. शंभर झाल्या की संभाजीनगरच्या परिवहन कार्यालयात नेऊन देतो. सोमवारी मी अद्रक घेऊन बाजारात असतो, बाकी दिवशी सकाळी नऊच्या आत घरी या.