संगणकाचाही चार्ज घ्या!

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे गाव आहे. लोकवस्ती दीड हजाराच्या आतबाहेर. या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांवर जन्मनोंदी झाल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये उघडकीस आले. गावात एवढे पाळणे हलले कधी? हललेच नव्हते! जन्म-मृत्यू नोंदणीच्या संगणक प्रणालीतली ग्रामपंचायतीची ओळख वापरून भलत्यांनीच हा उद्योग केला होता. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, पण गावाचे नाव देशभर झाले ते झालेच.

यवतमाळ लांबचे वाटत असेल तर शेजारचा जालना बघा. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अतिवृष्टी अनुदानाचा कोट्यवधींचा घोळ २०२५ मध्ये बाहेर आला. वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड दुसऱ्यांनीच वापरल्याची बाब त्यात पुढे आली, तलाठी निलंबित झाले. ज्याच्या शेतात पाणी साचले त्याचा पैसा भलत्याच्या खात्यात गेला.

या दोन्ही ठिकाणी कुणी कार्यालयाचे कुलूप तोडले नाही. किल्लीच भलत्याच्या हाती होती. ती कुणाकडे आहे, याचा हिशेब मात्र कुणी ठेवला नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. जिंतूरपासून पालमपर्यंत कोणत्याही ग्रामपंचायतीत डोकावून पाहा. टेबल, खुर्ची, कपाट यांवर रंगाने नंबर टाकलेला दिसेल. नमुना नंबर १६, म्हणजे जडवस्तू संग्रहाची नोंदवही. तिच्यात त्यांची नोंद असते, असायलाच हवी. पण संगणकात कुणाकुणाची माहिती आहे, सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीचे टोकन कुणाच्या खिशात आहे, पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, हे त्या वहीत सापडायचे नाही. खुर्ची चोरीला गेली तर हजार-दोन हजाराचे नुकसान. टोकन गेले तर वित्त आयोगाच्या निधीपासूनचा व्यवहार दुसऱ्याच्या बोटावर!

ग्रामसेवकाची बदली झाली की चार्ज यादी होते. रोकडवही, पावतीपुस्तके, शिक्के, कपाटाची किल्ली सगळे मोजून घेतले जाते. त्या यादीत आणखी चार ओळी वाढवा. संगणक आणि लॅपटॉप किती, त्यांचे अनुक्रमांक काय. पेनड्राइव्ह आणि अंगठ्याची मशीन किती. कोणते लॉगिन कुणाच्या नावे. डिजिटल सही कुणाकडे आणि मुदत कधी संपते. चार्ज घेतला त्याच दिवशी पासवर्ड बदला. ऑपरेटर काम सोडून गेला तर त्याचा आयडी त्याच दिवशी बंद करून घ्या. आणि साहेब, ‘ऑपरेटर आपलाच माणूस आहे’ म्हणून टोकन त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सही तुमची आहे, उद्या जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

दुसरी गोष्ट भंगाराची. २०११ पासून संग्राम प्रकल्पात गावोगाव संगणक आले. त्यातले बरेच आता धूळ खात असतील. भंगारवाल्याला ते किलोवर विकू नका. फाईल पुसली म्हणजे माहिती गेली असे होत नाही, जाणकार माणूस ती परत काढतो. आधी हार्ड डिस्क काढून नष्ट करा, तशी नोंद वहीत घ्या, मगच संगणक नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. ई-कचऱ्याची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्रांमार्फतच व्हावी, असा २०२२ च्या ई-कचरा नियमांचाही रोख आहे.

शेतकरी बांधवांनो, यात तुमचाही वाटा आहे. अनुदान, पीकविमा, फार्मर आयडी यांसाठी आधार आणि पासबुकाच्या किती झेरॉक्स आपण वाटल्या, कुणाला आठवतात का? यापुढे झेरॉक्सवर काम आणि तारीख लिहून द्या. आधारचा अंगठा कुलूपबंद करण्याची सोय सरकारने दिली आहे, ती वापरा. आलेला ओटीपी सांगू नका. खात्यातून पैसे गेलेच तर वाट न पाहता १९३० वर फोन करा. आणि येत्या ग्रामसभेत रस्ता-नालीबरोबर एवढे विचारा, की आमची माहिती ज्या संगणकात आहे तो वहीत आहे का, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे?

काही ग्रामसेवक म्हणतील, एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे, त्यात ही नवी वही कुठून? अडचण खोटी नाही. पण नवी वही नकोच आहे. आहे त्याच वहीत चार ओळी लिहायच्या आहेत. पंचायत समितीने दप्तर तपासणीत या ओळी तपासाव्यात. जिल्हा परिषदेनेही प्रत्येक गावाचे लॉगिन वर्षातून एकदा पडताळावेत. नुसते खालच्या माणसाला निलंबित करून भागणार नाही.

केंद्राने २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होईल तेव्हा होईल. आपण मात्र बैल गेल्यावर झोपा करण्याची वाट पाहू नये. नमुना सोळा आजच उघडा, आणि संगणकाच्या ओळीपासून सुरुवात करा.