औदुंबर आणि एक उजळ खिडकी

दिवाळी अंकात उदासपणाविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. फराळाच्या ताटात कारल्याची फोड कोण वाढील? पण या सदराच्या वाचकांनी माझे आजवरचे पुष्कळ लाड पुरवले आहेत. तेव्हा यंदा आणखी एक पुरवावा. आज मला एक कविता आणि एक चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहे. कविता आपल्या खानदेशातल्या कवीची आहे, चित्र रशियातले. दोघांची गाठभेट होण्याचे काही कारण नव्हते. बहुधा त्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसावे. तरीही त्यांच्यात असे काही नाते आहे की एकाकडे पाहताना दुसऱ्याची आठवण व्हावी.

कविता तुमच्या ओळखीची आहे. बालकवींचा ‘औदुंबर’. अवघ्या आठ ओळी. शाळेत ती आपण सर्वांनी पाठ केलेली असते, आणि परीक्षेत तिच्याखाली ‘औदुंबर हे कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्नही सोडवलेला असतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली धरणगावला जन्मले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी त्यांना मुलासारखी माया मिळाली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. वय सत्तावीस. ‘फुलराणी’ लिहिणारा हाच, आणि ‘पारवा’ लिहिणाराही हाच, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. आनंदाचा कवी म्हणून त्याची तसबीर आपण भिंतीवर लावून टाकली आहे.

चित्र आहे इसाक लेव्हितान याचे. नाव ‘चिरंतन शांतीच्या वर’, साल १८९४. लेव्हितान १८६० सालचा. चेखव्ह हा कथाकार त्याच्याच वयाचा आणि त्याचा जिवलग मित्र. गरीब ज्यू कुटुंबात जन्मल्यामुळे मॉस्को शहरातून बाहेर घालवले जाण्याचा प्रसंग त्याच्यावर एकदा नव्हे, दोनदा आला. ज्या देशाचे रान, नद्या आणि आभाळ त्याने जन्मभर रंगवले, त्या देशाने त्याला आपल्या राजधानीएवढ्या गावात सुखाने राहू दिले नाही. काळजाच्या विकाराने तो १९०० साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच गेला.

हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. सुमारे पाच फूट उंच आणि पावणेसात फूट रुंद. मी मूळ चित्र पाहिलेले नाही. माझ्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी रशियन पुस्तकांच्या एका प्रदर्शनातून चित्रांचे एक जाडजूड पुस्तक स्वस्तात आणले होते. त्यातले एक पान, एवढीच माझी पुंजी. पण ते पान मी इतक्यांदा उघडले आहे की आता पुस्तक आपोआपच तिथे उघडते.

चित्रात आहे काय? पाणी आणि आभाळ. अर्ध्याहून अधिक जागा आभाळानेच घेतली आहे. जड, करडे ढग एकमेकांवर चढले आहेत. त्यांच्याखाली शिशाच्या रंगाचे अफाट तळे, त्यात एक लहानसे बेट. आणि खाली, एका कोपऱ्यात, पाण्यात शिरलेले जमिनीचे एक टोक. त्या टोकावर लाकडी देऊळ, म्हणजे त्यांचे चर्च. त्याच्यामागे वाऱ्याने वाकलेली थोडी झाडे आणि कलंडलेले क्रूस असलेली जुनी दफनभूमी. माणूस एकही नाही. मात्र खूप वेळ पाहिल्यावर त्या देवळाच्या खिडकीत एक मिणमिणता उजेड दिसतो. तांदळाच्या दाण्याएवढा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने ‘औदुंबर’चे चित्र काढायला घेतले. ती सातवीत आहे. चित्रकलेच्या परीक्षेला बसायचे म्हणून घरभर रंगांच्या बाटल्या मांडलेल्या असतात. तिला ही कविता सोपी वाटली, कारण सगळे सामान तयारच होते: टेकडी, चार घरे, शेते, ओढा, पायवाट, डोह, झाड. अर्ध्या तासाने ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाबा, हे सगळं मी नेमकी कुठे उभी राहून बघते आहे?”

प्रश्न मोलाचा होता. पलीकडच्या टेकडीपाशी असलेले गाव दिसायचे तर थोडे उंचावर उभे राहिले पाहिजे. लाटांवर पसरलेली सावली दिसायची तर डोहाच्या अगदी काठाशी आले पाहिजे. कवी एका जागी उभाच नाही. तो आधी ओढ्याबरोबर वाहतो, मग दूर पाहतो, मग गर्द शेतांतून निघालेल्या वाकड्यातिकड्या वाटेने चालू लागतो आणि त्या वाटेबरोबर आपल्यालाही डोहापाशी आणून सोडतो. लेसिंग नावाच्या जर्मन पंडिताने १७६६ साली ‘लाओकून’ या ग्रंथात हेच सांगितले होते: चित्राची सत्ता अवकाशावर, काव्याची काळावर. चित्रात सगळे एकदम असते, कवितेत एकामागून एक येते.

मात्र लेसिंगचे बोट धरून फार लांब जाता येत नाही. लेव्हितानच्या चित्रात सगळे एकदम असले, तरी दिसते का एकदम? डोळे आधी आभाळ पाहतात, कारण आभाळ त्यांना सोडतच नाही. मग पाणी. मग बेट. देवळाकडे आपण उशिराच वळतो आणि खिडकीतला उजेड तर सर्वांत शेवटी सापडतो. तो उजेड म्हणजे त्या चित्राची शेवटची ओळ. आणि गंमत अशी की मुलीने विचारलेला प्रश्न इथेही विचारता येतो. हे चित्र पाहणारा कुठे उभा आहे? त्याच्या पायाखाली जमीन दिसत नाही. तो कुठेतरी उंचावर, जवळजवळ हवेतच आहे. थोडे गरगरल्यासारखे होते ते त्यामुळेच.

आपल्याकडच्या विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजाची गोष्ट आहे. त्याला मूर्ती घडवण्याची विद्या हवी होती. मार्कंडेय ऋषी म्हणाले, आधी चित्र शीक. चित्रासाठी नृत्य शीक. नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गाणे. एका कलेचे दार उघडायचे तर दुसरीची किल्ली लागते, हे त्या ऋषींनी फार पूर्वी ओळखले होते. मला ‘औदुंबर’ची किल्ली रंगांत सापडली.

कविता काढून रंग मोजून पाहा. हिरवा तीनदा येतो: पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत. ओढा निळसर सावळा. पांढरा एकदाच, पायवाटेपुरता. काळा रंग पहिल्या पाच ओळींत कुठेच नाही. तो येतो सहाव्या ओळीत, आणि त्याच ओळीत हिरवा शेवटचा दिसतो. एकाच ओळीत एक रंग निरोप घेतो आणि दुसरा आत पाऊल टाकतो. सातव्या ओळीत काळ्याचेच राज्य असते. पण तिथे कवीने त्या काळेपणाला गोडवा दिला आहे. रंगाबरोबर क्रियापदेही बदलत जातात. ओढा वाहतो, वाट चालते, आणि अखेर झाड बसते. वाहण्यापासून बसण्यापर्यंतचा हा प्रवास आठ ओळींत होतो.

लेव्हितानने नेमके हेच, पण उलट दिशेने केले आहे. त्याच्या चित्रात बसलेले काय आहे? देऊळ, थडगी, जमीन. आणि चालते आहे ते आभाळ. ढग सरकतात, वारा झाडे वाकवतो. बालकवी गतीतून स्थिरतेकडे नेतो. लेव्हितान स्थिर गोष्टींच्या डोक्यावर गती सोडून देतो आणि आपल्याला त्यांचा चिमुकलेपणा जाणवून देतो.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या जुन्या हिशेबात निसर्ग हा बहुधा उद्दीपन विभाव. नायक-नायिकेच्या भावनेला फुंकर घालणारा. चंद्र उगवला की विरहिणी तळमळायची. या दोन कलावंतांनी मात्र नायक-नायिकांना रजा दिली. निसर्गच भावनेचा आधार झाला. रशियात लेव्हितानच्या चित्रांना ‘मनःस्थितीची निसर्गचित्रे’ म्हणत. बालकवींची कविता त्याच जातीची आहे. तळे आणि डोह पाहणारा माणूस चित्रात नाही, कवितेतही नाही, पण त्याचे मन मात्र पाण्याच्या थेंबाथेंबात आहे.

आता ती मनःस्थिती कोणती? वर्गात ही कविता शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, औदुंबर उदास आहे की शांत?” मार्गदर्शकांत दोन्ही उत्तरे छापलेली मिळतात. कोणी त्याला विरक्त योगी म्हणतो, कोणी मृत्यूची छाया. मी तिला म्हटले, “पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला मागून पाहिलंस, तर तुला ते सांगता येईल का?” ती म्हणाली, “नाही. पुढे जाऊन तोंड पाहावं लागेल.” कवीने आपल्याला पुढे जाऊ दिलेले नाही, एवढेच खरे.

हा प्रश्न मला वर्गापुरता राहिला नाही, म्हणून तर आज लिहितो आहे. आई गेल्याला तीन वर्षे झाली. वडील तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅलरीत बसतात. समोर पाहण्यासारखे काही नाही: एक बंद पडलेली गिरणी, एक पिंपळ आणि दिवे लागत जाणारी समोरची बिल्डिंग. दीड-दोन तास ते हलत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सहन होत नाही. शेजारच्या वहिनी येतात आणि म्हणतात, “अण्णा, असे एकटे का बसलात? टीव्ही लावून देऊ का?” मामा येतात आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीचा कागद ठेवून जातात. सगळ्यांचा जीव आहे त्यांच्यावर. पण गप्प बसलेला माणूस दिसला की त्याला उठवलेच पाहिजे, असे आपल्या घरांतून आपण धरून चाललो आहोत. वडील एकदा हसून म्हणाले, “अरे, मला काही झालेलं नाही. मी बसलो आहे.”

त्या दोन शब्दांनी मला औदुंबर जेवढा समजला, तेवढा एम.ए.च्या टिपणांनी समजला नव्हता. उदासी आणि शांती या दोन वेगळ्या खोल्या आहेत, असे आपण समजतो. बालकवींच्या डोहात त्या एकाच पाण्याच्या दोन थरांसारख्या आहेत. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे वरून दिसत नाही. दुःख तिथे आहेच. फक्त ते आता ओरडत नाही.

आणि इथेच त्या दोघांची वाटही वेगळी होते. दोन्ही कृतींत सारखाच उदास रंग आहे म्हणून त्या एकच गोष्ट सांगतात, असे नव्हे. लेव्हितानचे आभाळ दिलासा देत नाही. त्याची चिरंतन शांती थडग्यांची आहे, आणि वरचे ढग त्या थडग्यांची दखलही घेत नाहीत. तो हे चित्र रंगवताना बेथोवनचे शोकसंगीत वाजवायला सांगत असे, अशी आठवण सांगितली जाते. त्याच्या चित्रात माणसाच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे खिडकीतला उजेड. आत कोणीतरी आहे. त्याने सांज झाली म्हणून दिवा लावला आहे, एवढेच. आभाळाशी त्याचे भांडण नाही.

बालकवींच्या डोहाकाठी दिवा नाही. तिथे झाड आहे, आणि झाड उंबराचे आहे. दुसरे कोणते चालले असते का? मला वाटत नाही. उंबर पाण्याच्या ओढीने वाढतो. जिथे उंबर तिथे जमिनीखाली पाणी, असे वराहमिहिराने बृहत्संहितेत नोंदवून ठेवले आहे. दत्ताचा वृक्ष म्हणून आपण त्याच्यावर कुऱ्हाड चालवत नाही. आणि क्वचित येणाऱ्या पाहुण्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, कारण ते फूल कोणाला दिसत नाही. ते नसते असे नाही. उंबराची फुले फळाच्या आतच फुलतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हे झाड फुललेच नाही.

मुलीचे चित्र अखेर पुरे झाले. तिने गाव, शेते, टेकडी सगळे गाळून टाकले. कागदभर काळसर निळे पाणी आणि एका कडेला पाठमोरे झाड, एवढेच ठेवले. परीक्षेला ते चालणार नाही असे तिच्या बाईंनी सांगितले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच असावे. वडिलांनी मात्र ते मागून घेतले आणि चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “झाडाला जागा छान मिळाली आहे.”

दिवाळीत घरे गजबजलेली असतात. पाहुणे, फटाके, फराळ, पोरांचा कल्ला, हे सगळे असावेच; वर्षातून चार दिवस ते हवेच असते. पण या गडबडीत आपल्या घरातले कोणी कोपऱ्यात, गॅलरीत, देवघराच्या उंबऱ्याशी गप्प बसलेले दिसले, तर त्याला लगेच उठवू नका. ‘काय झालं?’ असेही विचारू नका. जमले तर शेजारी जाऊन बसा, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे. आणि सांज झाली असेल, तर तेवढी एक पणती लावून ठेवा.