पालिकेचा संगणक नक्की कोण चालवतंय?

मंडळी, मागच्या महिन्यात घरपट्टी भरायला पालिकेत गेलो होतो. खिडकीतल्या ताईंच्या दोन्ही हातांत चहाचा कप, आणि स्क्रीनवर माऊस आपोआप फिरतोय. विचारलं तर म्हणाल्या, "कंपनीचा मुलगा पुण्याहून दुरुस्त करतोय, भाऊ. पाच मिनिटं थांबा."

रिमोट डेस्कटॉप. सोय चांगलीच आहे, अंकाची पानं मीही कधीकधी घरून अशीच लावतो. प्रश्न एवढाच, की तो मुलगा कुठल्या दारानं आत येतो?

रीत अशी, की आधी व्हीपीएन जोडायचा, मग आतल्या संगणकाकडे जायचं. पण व्हीपीएन जोडूनही पुष्कळदा स्क्रीन येतच नाही. कारण व्हीपीएनवरून येणारे पत्ते संगणकाच्या फायरवॉलला अनोळखी असतात, ती अडवते. उपाय छोटा आहे. फक्त त्याच पत्त्यांना ३३८९ या पोर्टवर येऊ द्यायचं, असा एक नियम घालायचा. आमच्याकडे काय केलं होतं? फायरवॉलच बंद, आणि राउटरवरून ३३८९ सगळ्या जगाला उघडं! वॉचमन पाहुण्याला ओळखत नाही म्हणून वॉचमनलाच घरी पाठवला. असे उघडे पोर्ट हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. आपलं गाव लहान आहे, हे त्यांना कोण सांगणार?

पालिकेला आधी कळवलं, पोर्ट बंद झाल्याची खात्री केली, मगच आज हे लिहितोय.

पण तेवढ्यानं भागत नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद पडली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर आत शिरले ते व्हीपीएनच्याच एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. नुसता पासवर्ड, वर ओटीपीसारखं दुसरं काहीच नाही. खंडणी दिली सुमारे ४४ लाख डॉलर.

आपल्याकडे संगणकाचे ठेकेदार बदलत राहतात. आधीच्यांची खाती बंद केलीत का, असं मी साहेबांना विचारलं. "माहिती घेऊन सांगतो," म्हणाले. तीन आठवडे झाले, अजून माहिती घेतायत. तुमची-आमची नावं, मोबाइल नंबर, मालमत्तेच्या नोंदी, सगळं त्याच यंत्रात आहे.

डांबराच्या बिलावर दोन-दोन तास भांडणाऱ्या नगरसेवकांनो, पुढच्या सभेत पाच मिनिटं काढा आणि विचारा: बाहेरून आपल्या संगणकात कोण कोण येऊ शकतं, त्याची यादी कुणाकडे आहे? यादी मिळाली की मला कळवा, नावं झाकून इथेच टाकतो.